सनदी परीक्षा आणि वयाचा हिशेब

दरवर्षीं चैत्र-वैशाखाच्या सुमारास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सनदी परीक्षेचा निकाल जाहीर होतो, यशस्वी तरुण-तरुणींचीं छायाचित्रें वृत्तपत्रांत येतात, आणि सुशिक्षित कुटुंबांत त्या दिवशीं पानावर बसतांना दुसरा विषय निघत नाहीं. आजोबा नातवाकडे अर्थपूर्ण दृष्टीनें पाहतात. मातोश्रींच्या मनांत बंगला, मोटार आणि दाराशीं उभा असलेला शिपाई यांचें चित्र उमटूं लागतें. मोटारीवरील लाल दिवा १ मे २०१७ पासून सरकारनें बंद केला असला, तरी मातापित्यांच्या स्वप्नांत तो अद्याप विझलेला नाहीं!

या महत्त्वाकांक्षेस नांवें ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळींच हेतु नाहीं. ज्या अधिकाऱ्याच्या एका सहीवर दुष्काळी गांवाचें पाणी अवलंबून असतें, त्याच्या जागीं बुद्धिमान् व सच्छील मुलें जावींत हें राष्ट्राच्या हिताचेंच आहे. परंतु कोणताही व्यवहार करण्यापूर्वीं त्याची किंमत समजून घ्यावी, हा गृहस्थधर्माचा पहिला नियम आहे. या परीक्षेस बसण्यासाठीं आयोग जें शुल्क घेतो, तें अवघें शंभर रुपये. स्त्री-उमेदवारांस तर तेंही माफ आहे. खरें शुल्क निराळेंच आहे. तें रुपयांनीं भरतां येत नाहीं आणि परतही मिळत नाहीं. तें शुल्क म्हणजे वय. एकवीस ते बत्तीस हीं मनुष्याच्या आयुष्यांतील सर्वांत उमेदीचीं वर्षें. त्यांपैकीं किती या परीक्षेस द्यावयाचीं, याचा हिशेब वडील मंडळींनीं व मुलांनीं एकत्र बसून अगोदरच केला पाहिजे, एवढेंच या लेखाचें प्रतिपादन आहे.

वयासाठीं झालेला झगडा

या परीक्षेचा इतिहास पाहूं लागलें, म्हणजे त्यांतील बहुतेक वाद वयाभोंवतींच फिरतांना दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत हिंदुस्थानांतील सनदी नोकर कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीनें नेमले जात. संचालकांशीं नातें वा ओळख असली कीं काम भागे. मग हेलबरीच्या कॉलेजांत कांहीं काळ शिकवून त्या तरुणास इकडे रवाना करीत. १८५३ च्या सनदेच्या कायद्यानें ही पद्धत बंद पडली. १८५४ मध्यें मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें खुल्या परीक्षेची योजना आंखून दिली आणि १८५५ मध्यें लंडन येथें पहिली परीक्षा झाली. उमेदवाराचें कुळ वा ओळख न पाहतां त्याची उत्तरपत्रिका पाहावयाची, हें तत्त्व त्या दिवशीं हिंदुस्थानच्या राज्यकारभारांत शिरलें, आणि तें आपण आजवर टिकविलें आहे. अर्थात् समता पूर्ण नव्हती. मेकॉले समितीच्या योजनेंत ग्रीक व लॅटिन या भाषांस प्रत्येकीं ७५० गुण होते, तर संस्कृत व अरबी यांस प्रत्येकीं ३७५. पाणिनि व कालिदास यांची किंमत होमर व व्हर्जिल यांच्या बरोबर निम्मी ठरली होती!

प्रारंभीं वयाची मर्यादा १८ ते २३ वर्षें होती. ती पुढें क्रमानें उतरत २१ वर आली. १८६३ मध्यें सत्येंद्रनाथ ठाकुर हे या परीक्षेंत उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यांत झाली. त्यानंतर १८६९ मध्यें एकदम चौघे हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: सुरेंद्रनाथ बानर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकीं सुरेंद्रनाथ व श्रीपाद बाबाजी यांचीं नांवें वय उलटल्याचें कारण दाखवून यादींतून वगळण्यांत आलीं. वादाचें मूळ मोठें मौजेचें आहे. आपल्याकडे पंधरा वर्षें पुरीं होऊन एक दिवस झाला, कीं मुलास ‘सोळावें लागलें’ म्हणतात, आणि पूर्वीं शाळेच्या दाखल्यावरही पुष्कळदां तोच आंकडा पडे. विलायतेंतील परीक्षा-अधिकाऱ्यांनीं तो आंकडा पूर्ण झालेल्या वर्षांचा समजून हिशेब केला. प्रकरण इंग्लंडांतील न्यायालयापर्यंत गेलें आणि अखेरीस दोघांसही त्यांची जागा मिळाली. चालू वर्ष आणि पूर्ण वर्ष यांतील भेद न कळल्यामुळें दोन बुद्धिमान् तरुणांचें आयुष्य टांगणीस लागलें होतें!

पुढें १८७८ पासून कमाल वय एकदम १९ वर आणण्यांत आलें. एकोणिसाव्या वर्षापूर्वीं परकी भाषेंत पारंगत होऊन, समुद्र ओलांडून, इंग्लंडांतच शिकलेल्या मुलांशीं टक्कर देणें आपल्या मुलांस जवळजवळ अशक्य होतें. सुरेंद्रनाथांस १८७४ मध्यें नोकरीवरून दूर करण्यांत आलें होतें. त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला होता. तेच या अन्यायाविरुद्ध उभे राहिले आणि १८७७ मध्यें गांवोगांव सभा भरवून त्यांनीं लोकमत जागृत केलें. सनदी नोकरींतून बाहेर पडलेला हा मनुष्य पुढें १८९५ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या आईनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८९२ मध्यें वयाची मर्यादा पुनः २३ झाली. परीक्षा हिंदुस्थानांतही एकाच वेळीं घ्यावी, असा ठराव १८९३ मध्यें कॉमन्स सभेंत संमत झाला. परंतु तो अमलांत येऊन अलाहाबादेस परीक्षा होण्यास १९२२ साल उजाडलें. म्हणजे एका ठरावास एकोणतीस वर्षें लागलीं. तेवढ्या काळांत किती तरुणांचें वय निघून गेलें असेल, याची कल्पनाच करावी.

त्या काळीं आपले वडील-आजे ‘आमच्या मुलांस अवधि द्या’ म्हणून झगडत होते. आज अवधि भरपूर मिळाला आहे, आणि प्रश्न नेमका उलट झाला आहे.

आजची परीक्षा

हल्लीं खुल्या वर्गाच्या उमेदवारास २१ ते ३२ या वयांत सहा प्रयत्न करतां येतात. इतर मागास वर्गास ३५ वर्षांपर्यंत नऊ प्रयत्न, तर अनुसूचित जाति-जमातींस ३७ वर्षांपर्यंत कितीही प्रयत्न करण्याची मुभा आहे. २०१४ पूर्वीं खुल्या वर्गाची मर्यादा ३० वर्षें व चार प्रयत्न अशी होती. त्या वर्षीं दोन वर्षें व दोन प्रयत्न वाढवून मिळाले. तेव्हां सर्वत्र आनंद झाला. पण वाढवून मिळालेलीं दोन वर्षें सरकारच्या खजिन्यांतून आलीं नव्हतीं. तीं मुलांच्याच आयुष्यांतून आलीं होतीं.

परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पूर्वपरीक्षा, हींत दोनशे-दोनशे गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असून दुसरींत केवळ ३३ टक्के गुण मिळविले म्हणजे पुरे, निवड पहिलीच्या गुणांवर होते. दुसरी मुख्य परीक्षा. हींत निबंध, सामान्य अध्ययनाच्या चार व वैकल्पिक विषयाच्या दोन अशा सात प्रश्नपत्रिकांचे मिळून १७५० गुण गणले जातात. एक भारतीय भाषा व इंग्रजी यांच्या प्रश्नपत्रिकांत केवळ उत्तीर्ण व्हावयाचें असतें. तिसरी मुलाखत, तिला २७५ गुण. कोठारी समितीच्या अहवालानंतर १९७९ पासून ही त्रिविध रचना आली, आणि त्याच वेळेपासून मुख्य परीक्षेचीं उत्तरें मराठींतही लिहितां येऊं लागलीं. मराठी वाङ्मय व संस्कृत वाङ्मय हे दोन्ही वैकल्पिक विषय म्हणून घेतां येतात, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसतें. पूर्वपरीक्षेचे प्रश्न मात्र हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत छापले जातात.

आतां वयाच्या दृष्टीनें दोन नियम विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा, कीं नुसता अर्ज भरल्यानें प्रयत्न मोजला जात नाहीं. परंतु पूर्वपरीक्षेची एक जरी प्रश्नपत्रिका दिली, तरी एक प्रयत्न खर्ची पडतो. यास्तव ‘यंदा सहज बसून पाहूं’ ही भाषा महागांत पडते. दुसरा नियम असा, कीं प्रत्येक वर्षाची परीक्षा स्वतंत्र असते. मुलाखतीपर्यंत जाऊन एका गुणानें राहिलेल्या उमेदवारासही पुढील वर्षीं पूर्वपरीक्षेपासूनच पुनश्च हरिः ॐ करावें लागतें. मागील यश जमेस धरलें जात नाहीं. एक फेरी पुरी होण्यास जवळजवळ वर्ष लागतें. त्यापूर्वींची तयारी धरली, तर तीन प्रयत्न म्हणजे चार वर्षें आणि सहा प्रयत्न म्हणजे सात वर्षें, हा साधा हिशेब आहे.

अंकगणित काय सांगतें?

२०२४ सालच्या परीक्षेचे आंकडे आयोगानें प्रसिद्ध केले आहेत. अर्ज आले ९,९२,५९९. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीस २,८४५, आणि अखेर निवड झाली १,००९ जणांची. म्हणजे परीक्षेस बसलेल्या दर ५७८ उमेदवारांत एक. ज्या भारतीय प्रशासन सेवेचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें, तिच्या जागा तर १८० होत्या. बाकीच्या जागा परराष्ट्र, पोलीस, प्राप्तिकर, रेल्वे, हिशेबतपासणी इत्यादि सेवांच्या.

आपल्या घरांतून या ठिकाणीं एक तक्रार ऐकूं येते, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ‘राखीव जागांमुळें आपल्या मुलांस वाव उरला नाहीं’ असें पुष्कळ गृहस्थ म्हणतात. निवड झालेल्या १,००९ जणांत खुल्या वर्गाचे ३३५ व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील १०९ होते, हें खरें. परंतु क्षणभर अशी कल्पना करा, कीं एकही जागा राखीव नाहीं. मग चित्र काय दिसतें? पांच लक्ष ब्यायशीं हजार जण तरीही बाहेरच राहतात! दारच इतकें अरुंद आहे, कीं कोणत्याही नियमानें रांग लावली तरी बहुतेकांस परत फिरावें लागणार. शिवाय ज्या समाजांस शतकानुशतकें शाळेच्या ओटीवरही बसूं दिलें नाहीं, त्यांच्या मुलांस थोडा अधिक अवधि मिळाला, तर ज्यांच्या घरीं पिढ्यानुपिढ्या पाटी-पुस्तक आहे त्यांनीं त्याचा विषाद मानूं नये. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेंही, ही तक्रार मुलाच्या कानीं वारंवार घातल्यानें त्याचा एकही गुण वाढत नाहीं. मन मात्र कडवट होतें.

मर्यादा नसलेल्या परीक्षेची गति काय होते, हें चीनच्या इतिहासांत दिसतें. तेथें अशा परीक्षा तेरा शतकें चालल्या आणि १९०५ मध्यें बंद झाल्या. वयाचें बंधन नसल्यामुळें केस पिकलेले गृहस्थही पुनः पुनः परीक्षेस बसत. हुंग श्यूच्वान नांवाचा एक हुशार तरुण कँटन शहरीं चार वेळां नापास झाला. निराशेनें त्याचें चित्त भ्रमलें, आणि पुढें त्यानेंच उभारलेल्या ताइपिंग बंडांत कोट्यवधि माणसें मृत्युमुखीं पडलीं. उदाहरण टोंकाचें आहे. पण अपयशाचा डंख किती खोल जाऊं शकतो, हें त्यावरून कळतें.

परीक्षा काय मोजते, काय मोजत नाहीं

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अमात्यांच्या परीक्षेसाठीं ‘उपधा’ सांगितल्या आहेत. धर्म, अर्थ, काम व भय या चार वाटांनीं मनुष्यास गुप्तपणें मोह घालावयाचा आणि तो ढळतो कीं नाहीं हें पाहावयाचें. धर्मोपधेंत शुद्ध ठरलेल्यास न्यायदानाचें काम, अर्थोपधेंत शुद्ध ठरलेल्यास वसुली व कोश यांचें काम, आणि चारही उपधांत शुद्ध ठरलेल्यास मंत्रिपद द्यावें, अशी व्यवस्था आहे. २०१३ पासून मुख्य परीक्षेंतही नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आली, हें चांगलेंच झालें. तथापि नीतीवर उत्तम उत्तर लिहिणें आणि मोहाच्या प्रसंगीं हात मागें घेणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीन तासांची प्रश्नपत्रिका स्मरण, आकलन व लेखनाचा वेग मोजूं शकते; धैर्य, दया आणि सचोटी मोजण्याचें माप तिच्याजवळ नाहीं. म्हणून या परीक्षेंत उत्तीर्ण झालेला मुलगा थोर ठरला असें समजूं नये, आणि अनुत्तीर्ण झालेला हलका ठरला असें तर मुळींच समजूं नये. कौटिल्यानें तर चारही उपधांत अशुद्ध ठरलेल्यांसही घरीं बसविलें नाहीं. खाणी, अरण्यें, हत्तींचीं वनें व कारखाने येथें त्यांस कामें नेमून दिलीं आहेत! मग आपल्या निर्दोष, केवळ कांहीं गुणांनीं मागें राहिलेल्या मुलास आपण निरुपयोगी कसें ठरवावें?

घरच्यांनीं काय करावें?

पहिली गोष्ट, उपजीविकेची विद्या अगोदर, सनदी परीक्षा नंतर. आपल्या चिंतामणराव देशमुखांचें उदाहरण घ्या. रायगड जिल्ह्यांतील या मुलानें १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला क्रमांक व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. पुढें केंब्रिजला वनस्पतिशास्त्रांत पारितोषिक मिळवून पदवी घेतली, आणि मग १९१८ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, लंडनच्या आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री झालेल्या या पुरुषानें मेघदूताचें मराठी भाषांतरही केलें. परीक्षेंत यश आलें नसतें, तरी त्यांच्यापुढें विद्येचा मार्ग मोकळाच होता. आज मात्र पुष्कळ मुलें केवळ या परीक्षेस सोयीची म्हणून एखादी पदवी निवडतात. परीक्षा हुकली, म्हणजे ती पदवीही निरुपयोगी वाटूं लागते.

दुसरी गोष्ट, प्रयत्नांची संख्या आरंभींच ठरवावी. नियम सहांची मुभा देतो. सहा करावेच असें म्हणत नाहीं. पूर्ण तयारीनें केलेले दोन अथवा फार तर तीन प्रयत्न बहुतेकांस पुरेसे व्हावेत. दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षाही साधली नाहीं, तर थांबण्यांत शहाणपण आहे. मुलाखतीपर्यंत पोंचलेल्यानें आणखी एक प्रयत्न करावा, पण नोकरी सांभाळून. ‘अजून एक वर्ष’ हे शब्द मुलगा म्हणतो तेव्हां तो आशेनें म्हणतो; त्या वेळीं पूर्वीं ठरलेली मर्यादा त्यास आठवण करून देण्याचें अप्रिय काम वडिलांनींच केलें पाहिजे.

तिसरी गोष्ट द्रव्याची. दिल्लीचें जुनें राजेंद्रनगर किंवा पुण्याची सदाशिव पेठ येथें खोलीभाडें, खाणावळ, अभ्यासिका आणि शिकवणीचें शुल्क यांत कुटुंबाची शिल्लक झपाट्यानें आटते. २७ जुलै २०२४ रोजीं त्याच राजेंद्रनगरांत एका शिकवणीवर्गाच्या तळघरांतील अभ्यासिकेंत पावसाचें पाणी शिरून तिघां विद्यार्थ्यांचा अंत झाला, तेव्हां आपलीं मुलें कोणत्या स्थितींत अभ्यास करतात हें देशास कळलें. अभ्यासक्रम व मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोग विनामूल्य उपलब्ध करून देतो. पहिलें वर्षभर मुलानें घरीं राहून त्यांवर मेहनत करावी. त्यावरून त्याची वृत्ति व शक्ति दोन्ही कळून येतील. घर गहाण टाकून अगर बहिणीच्या शिक्षणाचा पैसा वळवून कोणासही दिल्लीस धाडूं नये.

चौथी गोष्ट कन्यांविषयीं. उपरिनिर्दिष्ट १,००९ जणांत २८४ मुली होत्या. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेंत १९४९ मध्यें प्रविष्ट झालेल्या सी. बी. मुथम्मा यांस स्त्रियांविषयींच्या विषम नियमांविरुद्ध १९७९ मध्यें सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें, आणि न्यायालयानें त्या नियमांवर कडक टीका केली. सरकारचे नियम सुधारले. घरचे नियम सुधारले आहेत काय? मुलास आपण बत्तिसाव्या वर्षापर्यंत मुभा देतों आणि मुलीस ‘एकच वर्ष पाहा, मग स्थळें पाहावयाचीं आहेत’ असें सांगतों. मर्यादा असावी, पण ती भावास व बहिणीस सारखी असावी.

शेवटची गोष्ट वाणीची. अयशस्वी मुलगा लग्नमुंजींस येण्याचें टाळूं लागतो, याचें कारण बहुधा अपयश हें नसून आप्तेष्टांचा ‘काय झालें यंदा?’ हा प्रश्न असतो. हा प्रश्न विचारूं नये. तीन वर्षें इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र व समाजस्थिति यांचा ज्यानें मन लावून अभ्यास केला, तो उत्तम शिक्षक, पत्रकार, वकील, बँकेचा अधिकारी अथवा नगरसेवक होऊं शकतो. त्याचा अभ्यास वाया गेला नाहीं. मात्र तो उपयोगांत आणण्यास पुरेसें वय त्याच्यापाशीं शिल्लक राहिलें पाहिजे.

यास्तव वाचकांस विनंति अशी, कीं आपल्या घरीं कोणी या परीक्षेचा संकल्प केला असेल, तर एका शुभ दिवशीं सर्वांनीं एकत्र बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: प्रयत्न किती, द्रव्य किती, आणि न साधल्यास पुढें काय. त्याखालीं मुलानें किंवा मुलीनें सही करावी आणि मातापित्यांनींही करावी. मग तो कागद देवघरांत ठेवून निश्चिंत मनानें अभ्यासास आरंभ करावा. ज्याला परतीची वाट ठाऊक आहे, तोच निर्भयपणें पुढें जातो. अशा सर्व परीक्षार्थींस यश येवो, आणि ज्यांस तें येणार नाहीं त्यांस घरचें दार नेहमीं उघडें मिळो, असा त्यांस आमचा आशीर्वाद आहे.